न वाजणारा डबा

"घ्या वं पोट्ट्याहो, फुटाणे हायेत! गरम गरम फुटाणे!"

आमचे बाबा पितळी डबा दोन्ही हातांत धरून ओट्यावर आले आणि आळीतल्या दहा-बारा पोरींसमोर असे खणखणीत ओरडले. भुलाबाईची गाणी नुकती संपली होती. टिपऱ्या अजून हातातच होत्या. सगळ्या पोरी एकदम माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, सांगायचं नसते!" मी त्यांचा सदरा ओढला.

"काऊन? फुटाण्याले फुटाणे नाही म्हनू तं काय म्हनू?"

मग जी हसाहस झाली म्हणता! माझी चार वर्षांची बहीण रुखमी, जिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, तीसुद्धा टाळ्या पिटून हसली. आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती दाराशी बसलेली आमची गोजरबाई आत्या. बाबांची थोरली बहीण. त्याच दिवशी दुपारी ती जानेफळहून आली होती.

"पुंज्या," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "खिरापत झाकून आनतेत रे बावा. डबा कानापाशी वाजवतेत, अन् पोरी वळखतेत. तुले एवढंही माईत नाही?"

बाबांना कुठून माहीत असणार? भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते, कोजागिरीला परत सासरी जाते, आणि तो महिनाभर पोरी रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. ज्या घरी गाणी, त्या घरची खिरापत. हे सगळं बायकांचं राज्य. आई होती तोवर खिरापत काय, किती आणि कशी हे ती बघायची. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मधल्या वर्षी आमच्याकडे भुलाबाई बसलीच नाही. यंदा मी हट्ट धरला, तेव्हा बाबांनी कुंभाराकडून मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी आणून पाटावर मांडले आणि एवढ्यावर आपलं काम झालं असं समजून बसले.

तसे बाबा अडाणी नव्हते हं. खामगावच्या एका जिनात ते तेलवाले होते. कापसातली सरकी काढायचे रेचे एका रांगेत घरघरत असायचे, आणि बाबा लांब नळीची बुधली घेऊन त्यांच्यामधून फिरायचे. कुठला सांधा कोरडा पडला ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे आणि नेमकं तिथे तेल सोडायचे. यंत्राचं पोट दुखायला लागलं की आधी माझ्या बाबांना कळायचं, मग फिटरला आणि सगळ्यांत शेवटी मालकाला. एवढ्या तयार कानाच्या माणसाने खिरापतीचं नाव ओरडून सांगावं, म्हणजे कपाळ माझं!

पोरी फुटाणे खात, मला चिडवत निघून गेल्या. रुखमी आत्याच्या मांडीवर बसून शेवटचे दोन फुटाणे चघळत होती. आत्याने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा उलटा करून दिव्याशी धरला.

तळव्यावर भाजल्याचा डाग होता. मागच्या मार्गशीर्षातला. बाबा जिनात गेले होते, मी भाकरी थापत होते, आणि ही बया मागून आली ती थेट तव्यावर हात टेकून मोकळी झाली. मी तेव्हा सात वर्षांची होते. तो डाग दिसला की आजही मी नजर वळवते.

"पाह्य हे," आत्या म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "दिवाळी झाली का तुह्या जीन सुरू. सकाळच्या भोंग्याले जाशीन अन् दिवे लागल्यावर येशीन. आठ वर्साच्या पोरीच्या भरवशावर चार वर्साची पोरगी ठेवतेत का?"

बाबा रिकाम्या डब्याचं झाकण दाबत राहिले.

"कोकिळेले ठेव तू," तिने माझ्याकडे बोट केलं. "ते मोठी झाली, शाळेत जाते. लहानी मले दे. माह्या घरी दोन म्हशी हायेत, मोठं आंगन हाये. अन् तू तिथून निघाला तवापासून घरात लेकराचा आवाज नाही रे पुंज्या. वीस वर्सं झाले."

मी बाबांकडे बघितलं. बाबा नाही म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. पण बाबा आत्याला नाही कसे म्हणणार? ते तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली, आणि अकरा वर्षांच्या गोजरआत्याने त्यांना कडेवर वागवून मोठं केलं. लग्न झालं तर सासरीसुद्धा घेऊन गेली. नवरी गाडीतून उतरली ती लहान भावाचं बोट धरून, असं जानेफळात म्हातारी माणसं सांगायची. त्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

"कोजागिरीले ये, ताई," बाबा शेवटी म्हणाले. मग उगाच हसले. "पन एक शर्त हाये. आमच्या घरची खिरापत वळखली तं नेजो रुखमीले."

"अरे जाय! पुऱ्या जानेफळात माह्यासारखी खिरापत वळखनारी बाई नाही. गाडीत गोधडी टाकूनच येतो पाह्य मी."

दोघं हसली. नाही म्हणायची छाती नव्हती म्हणून बाबा थट्टेत शिरले होते, हे मला फार पुढे, स्वतःचा संसार झाल्यावर कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसलं की पाटावर भुलाबाई बसलेली आहे, तिच्यापुढे दिवा लागलेला आहे आणि तिच्यादेखत शर्त ठरली. आत्याने खिरापत ओळखली तर रुखमी जाणार. नाही ओळखली तर राहणार. देवासमोर बोललेलं कुणी मोडत असतं का?

आत्या दोन दिवस राहून गेली. माझ्या हातात महिना होता.

त्या महिन्यातला माझ्या बाबांचा अवतार काय सांगू! जिनाचा सीझन सुरू व्हायचा होता, फक्त रेच्यांची खोलखाल, सफाई चालली होती. त्यामुळे ते ऊन कलायच्या आत घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि चुलीपुढे बसायचे. मी त्यांना खिरापतीचे नियम शिकवले आणि शेजारच्या नूरजहांचाचीने कृती. चाची म्हणजे कादर पिंजाऱ्याची बायको. चार लेकरांची आई. आमच्या दोन्ही घरांना एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत एक वीट काढलेला झरोका होता. चाची त्यातून कारभार करायची.

"पुंजाजीभाऊ, वास येऊन राह्यला! करपून राह्यलं तुमचं! उतरवा पयले!"

"उतरवलं, भाभी!"

"झूट नोको बोलू! अजून चरचर आयकू येते मले!"

बाबांनी केलेल्या पहिल्या शंकरपाळ्या इतक्या कडक झाल्या की आळीतल्या एका पोरीचा दुधाचा दात त्यात पडला. ती रडायच्या ऐवजी खूश झाली, कारण तो दात आठ दिवस नुसताच हलत होता. दुसऱ्या दिवशी लाह्यांना रॉकेलचा वास. तिसऱ्या दिवशीच्या लाडवांना तर चक्क यंत्राच्या तेलाचा. बाबांनी हात तीनदा राखेने घासले होते, पण वीस वर्षांचं तेल असं जातं होय? पोरी डबा वाजवायच्या आतच नाकं मुरडायच्या. मला लाज वाटायची आणि बाबांची कीवही यायची. मी मुद्दाम सगळ्यांत आधी तोंडात टाकायचे आणि "मस्त झाले" म्हणायचे. रुखमीला खोटं बोलता येत नव्हतं. ती म्हणायची, "बाबा, जीनसारखं लागते."

"जीनची सवय पाडून राह्यलो तुले," बाबा म्हणायचे.

वेण्यांचंही तेच. पट्टा तुटला की जिनात चामड्याच्या वादीने शिवतात, तशी बाबा वेणी घालायचे. इतकी घट्ट की माझ्या भुवया वर चढायच्या. पण एक सांगते, ती वेणी दिवसभर सुटत नसे. आळीत कुठल्याच आईची वेणी एवढी टिकत नव्हती.

पितृपक्ष गेला, घट बसले. सकाळी ओट्यावर गारवा आणि दुपारी पाय भाजतील असं ऊन, असे ते दिवस. आजूबाजूच्या खेड्यांतून कापसाच्या पहिल्या गाड्या यायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या मागे रस्त्यावर जे पुंजके सांडायचे ते आम्ही पोरी वेचून भुलाबाईला गादी करायचो. मला मात्र त्या वर्षी कशात गोडी नव्हती. मी येता-जाता डबा वाजवून बघत होते. फुटाणे खणखण बोलतात. मुरमुरे सळसळतात. खारीक ठकठक करते, खोबऱ्याचे तुकडे मऊ आवाज करतात, आणि लाडू असेल तर डबाच सांगतो की माझ्या पोटात लाडू आहे. आवाज नसलेली खिरापत मला सापडत नव्हती. आणि आत्याचा कान म्हणजे बाबांच्या बहिणीचा कान.

दसऱ्याला बाबा आम्हा दोघींना जिनात घेऊन गेले. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. रेच्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, चाकांवर हळदकुंकवाची बोटं होती. नागपूरचे इन्स्पेक्टर साहेब तपासायला यायचे म्हणून पट्ट्यांना नवी जाळी बसवली होती. सगळं बंद, शांत. रुखमीने एक फूल घेतलं आणि रेच्याच्या दातांपाशी ठेवायला हात घातला, तसा बाबांनी तो हात असा झटकन ओढला की ती रडायलाच लागली.

"बंद हाये ना बाबा ते," मी म्हटलं.

"बंद असलं तरी," बाबा म्हणाले. रुखमीचा डागाचा तळवा त्यांनी कितीतरी वेळ आपल्या मुठीत धरून ठेवला. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी विचारलं, "बाबा, रेचा कवा आवाज करत नाही?"

"चालू असला तं करतेच. पन कापूस कोंबला गेला का मुका होते. आवाज मरते मंग. तेवा समजा लागते का अंदर काई अडकलं."

मी जागच्या जागी उभी राहिले. कापूस! एवढा साधा कापूस, आणि मी इतके दिवस खारका मोजत बसले होते!

घरी आल्यावर मी झरोक्याशी गेले. "चाची, कादरचाचाकडून मले जरासा कापूस पाह्यजे. पिंजलेला."

"काय करतं वं?"

मी सांगून टाकलं. सगळं. शर्त, कोजागिरी, गोधडी, सगळं. सांगता सांगता मला रडू आलं. मग झरोक्यातून तिचा हात आला, माझ्या डोक्यावर पडला.

"पुंजाजीभाऊले माईत हाये का तू शर्त खरी समजतं म्हनून?"

"खरीच हाये ना ते!"

"हाव बेटा, खरीच," चाची म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं तिने सांगितलं, "मी तं कवाचं म्हनून राह्यली तुह्या बापाले. सीझनभर दोनी पोरी दिसभर माह्याजवळ ठेव. चारात दोन आनखी, मले काय जड हाये? पन त्याले बहिनीपुढं तोंड नाही." आणि दुसऱ्या दिवशी झरोक्यातून ढगासारखा कापूस आला.

खिरापत काय करायची तेही मी ठरवलं होतं. तिळाच्या वड्या. आश्विनात तीळ कोण करतो? तीळ म्हणजे संक्रांत. आत्या सगळ्या जगाची नावं घेईल, पण तिळाचं तिच्या ध्यानात येणार नाही. आवाज नाही आणि ऋतूही नाही! माझ्या अकलेवर मी स्वतःच खूश झाले.

"आता तीळ?" बाबा म्हणाले. "तुह्यं डोकं फिरलं का वं?" पण त्यांनी वाण्याकडून तीळ आणले. कोजागिरीच्या सकाळी पाकाला बसले. आणि खरं सांगते, महिनाभर सगळं करपवणाऱ्या त्या माणसाला पाक मात्र पहिल्या झटक्यात जमला. दोन बोटांत थेंब धरून त्यांनी तार बघितली आणि म्हणाले, "तेल कसं हाये ते बोटालेच समजते. हेही तसंच हाये." वड्या अशा खुसखुशीत झाल्या की चाचीने झरोक्यातून एक खाल्ली आणि बोललीच नाही, फक्त आणखी एकीसाठी हात पुढे केला.

मी डब्यात खाली कापूस, मग वड्या, मग वरून कापूस असं ठासून भरलं आणि वाजवून बघितलं. डबा मुका होता. मी तो भुलाबाईच्या पाटामागच्या देवळीत लपवला.

दुपारी दाराशी घुंगरांचा आवाज झाला. आत्या आली होती. जानेफळची गाडी मूग-उडीद घेऊन बाजाराला आली, त्याच गाडीतून. गाडीत कडबा पसरलेला होता आणि त्यावर एका अंगाला एक लहानशी नवीकोरी गोधडी अंथरलेली होती. लाल-हिरव्या तुकड्यांची. कडेला बारीक दोऱ्याने चिमण्या काढलेल्या. चार वर्षांचं लेकरू निजेल एवढीच ती होती. मी ती बघितली आणि घरात पळाले.

घरात बाबा रुखमीचं गाठोडं बांधत होते. दोन परकर, तीन झंपर, लाकडी बाहुली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाय, आत्याले पानी दे."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की बाबा शर्त विसरले.

आत्या ओट्यावर टेकली होती. मी तांब्या घेऊन गेले तर रुखमी आधीच तिच्या मांडीत. लाडात आलेली. आत्या तिच्या गालावरून हात फिरवत होती आणि मधेच थांबली. तिने बोटाच्या टोकाने रुखमीच्या ओठाजवळून काहीतरी उचललं आणि उजेडाकडे धरून बघितलं.

तिळाचा एक दाणा होता. गुळाने चिकटलेला.

त्या खादाड कार्टीने देवळीत हात घातला होता! माझ्या हातातला तांब्या हिंदकळला आणि पाणी माझ्या पायांवर सांडलं. आत्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. तो दाणा तिने जिभेवर ठेवला आणि तांब्यासाठी हात पुढे केला.

"आन वं पोरी. लई तहान लागली."

संपलं होतं सगळं. मी आत गेले आणि भुलाबाईसमोर बसून तिला म्हणाले, तू तरी आज सासरी जाऊ नको. तेवढंच सुचलं.

दिवेलागणीला पोरी जमल्या. त्या दिवशी शेवटचा दिवस, म्हणून ज्वारीची पाच धांडं उभी करून भुलाबाईवर मांडव घातला होता. पोरींनी महिनाभराची सगळी गाणी पहिल्यापासून म्हटली. मी ओठ हलवत होते, आवाज येत नव्हता. रुखमी बाबांच्या मांडीला चिकटून त्यांचं बोट धरून बसली होती. झरोक्यात चाचीचे डोळे दिसत होते.

"चाला, आता खिरापत," आत्या म्हणाली. "आज आधी मी वळखनार. शर्त हाये माह्यी."

म्हणजे तिच्याही ध्यानात होती! मी डबा तिच्या हातात दिला. तिने तो कानाशी नेला आणि हलवला. पुन्हा हलवला. दुसऱ्या कानाशी नेऊन हलवला. पोरी गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

"बाप्पा! हा तं बोलतच नाही," आत्या म्हणाली. झाकणाच्या फटीतून कापसाचा एक तंतू बाहेर आला होता. तिने तो नखाने हळूच आत ढकलला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. नंतर रुखमीकडे. नंतर बाबांच्या त्या तेलकट बोटाकडे, जे रुखमीने मुठीत घट्ट धरलं होतं.

"तीनदा सांगता येते ना?"

"हाव, तीनदाच!" पोरी ओरडल्या.

"सांजा."

"नाही!"

"केळं."

"नाही! नाही!"

आत्या थांबली. डबा तिच्या मांडीवर होता आणि तिचे दोन्ही हात त्याच्यावर. तेवढ्या वेळात मी किती देवांची नावं घेतली ते मोजलं नाही. माझ्या आत्याचे ओठ जरा हलले आणि मिटले. मग ती म्हणाली, "उकडलेल्या शेंगा."

"हारली! हारली! आत्या हारली!"

"हारली बाई मी," आत्या म्हणाली आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी झाकण काढलं, कापूस उचलला आणि पोरींनी एकच गलका केला. तीळ! आश्विनात तीळ! संक्रांत आली का वं तुह्या घरी? आत्याने एक वडी उचलून निरखून बघितली. "अगं माय! तीळ! हे कसं सुचनार मानसाले!" एवढं वाईट सोंग मी पुढे कधी पाहिलं नाही, आणि एवढं सुंदरही नाही. मला हसावं की रडावं कळेना. मी तिच्या गळ्यातच पडले.

पोरी भुलाबाईला निरोप द्यायला निघाल्या. बाबा आत्याजवळ गाठोडं घेऊन आले.

"ताई, पोरीचे कपडे बांधून ठेवले."

"सोड ते."

"ते शर्त तं मी मजाक केली होती."

"तू केली असशीन. पोरगी मजाक करत नव्हती." आत्याने गाठोड्याची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. बाहुली काढून रुखमीच्या हातात दिली. "भुलाबाईपुढं हारली मी. आता नेली तं मले देव काय म्हनीन?"

"ताई, तुले वळखू नाही आली, हे मी मानत नाही."

"वडी चांगली केली रे पुंज्या," आत्या म्हणाली. "आपल्या मायच्या हातची लागली. पाक कोनं शिकवला तुले?"

बाबांनी गाठोडं खाली ठेवलं. ते खाली वाकले आणि त्यांनी आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस, पण त्यांची पाठ हलत होती. आत्या त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिली. "उठ बे," ती म्हणाली, "पोरी पाहून राह्यल्या."

मग ती उठून झरोक्यापाशी गेली आणि पलीकडच्या डोळ्यांना म्हणाली, "नूरजहांबाई, सीझनभर तुमच्याच भरवशावर हायेत लेकरं."

"फिकर नोको करू, बाई. माह्येच हायेत."

आणि तसंच झालं. त्या सीझनला आणि पुढच्या सगळ्या सीझनना आम्ही दोघी सकाळच्या भोंग्यापासून चाचीच्या अंगणात असायचो, कापसाच्या ढिगात लोळायचो, तिच्या लेकरांच्या ताटात जेवायचो. रुखमीच्या हातावर दुसरा डाग कधी पडला नाही. आज रुखमीला नातवंडं आहेत, आणि तिला वाटतं की लहानपणी तिचं सगळं आपोआप झालं. मी तिला सांगत बसत नाही. माझ्यापुरतं मी रोज हात जोडते तेव्हा देवाआधी तीन माणसांची नावं घेते, आणि त्यातलं पहिलं आत्याचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. धुकं होतं. बैलांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. बाबांनी उरलेल्या वड्या त्याच डब्यात, त्याच कापसात घालून आत्याला दिल्या. रुखमी अर्धवट झोपेत होती. आत्याने तिचा एक पापा घेतला, मग दुसरा, आणि गाडीत चढली.

गोधडी तशीच अंथरलेली होती. "ताई, हे तं ठेवून जाय पोरीले," असं म्हणायला बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मीच मग शहाणपणा केला.

"आत्या, गोधडीवर बस ना. कडबा टोचीन तुले."

"टोचत नाही वं," आत्या म्हणाली.

गाडी हलली. वळणापर्यंत मला ती दिसत होती. कडब्यावर एका कडेला अंग चोरून बसलेली, मांडीवर डबा, आणि शेजारी ती चिमण्यांची गोधडी. गचका बसला की तिचा एक कोपरा दुमडायचा, आणि आत्या हात लांब करून तो परत सरळ करायची.